मेलेल्या खिडक्या

घरचं भांडण ऑफिसात न्यायचं नाही आणि ऑफिसचं घरी आणायचं नाही, असा सासूबाईंचा नियम होता. नियम चांगलाच होता, पण तो करताना सासूबाईंनी गाडीचा विचार केला नव्हता. घर ते ऑफिस चाळीस मिनिटं आणि ऑफिस ते घर पन्नास. ही दीड तासाची जागा मोकळी सुटली होती आणि दोघी सुनांनी ती अगदी कसोशीने वापरली.

थोरली गाडी चालवायची, धाकटी शेजारी बसायची. काचा बंद. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाला वाटावं, दोघी बहिणी मोठ्याने गाणं म्हणतायत. ऑफिसच्या फाटकातून गाडी आत शिरली की तोंडं मिटायची. धाकटीचं "ताई" तिथे संपायचं आणि "मॅडम" सुरू व्हायचं, आणि तो "मॅडम" ती अशा सुरात म्हणायची की त्यापेक्षा शिवी परवडली.

धाकटीला या कंपनीत चिकटवलं होतं सासूबाईंनीच. "एका क्षेत्रातल्या दोघी, एका घरातल्या दोघी, एका गाडीतून जाल-याल," असं त्या म्हणाल्या होत्या. थोरलीला नाही म्हणता आलं नाही आणि ते तिने धाकटीला कधी विसरू दिलं नाही. दोघींचं कामही एकच, इस्पितळांचे कागद शोधून देणारं इंजिन सांभाळायचं. ऑफिसात मशिन्सची देखभाल करणारा एक जण होता, प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. तो म्हणायचा, "आपलं इंजिन जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलंय आणि चालवतायत पण जावाच. तापणार नाही तर काय होणार?" हे दोघींच्या कानावर गेलं तेव्हा दोघीही हसल्या नाहीत. त्यांचं एकमत झालेली बहुधा तेवढी एकच गोष्ट.

इंजिन समजायला अवघड नाही. एक प्रचंड गोदाम समजा, चौतीस मशिन्सवर पसरलेलं. त्यात पंधरा इस्पितळांतल्या सगळ्या पेशंटांचे कागद एकत्र ठेवलेले, म्हणजे रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या याद्या, डॉक्टरांची टिपणं. एकाचा कागद दुसऱ्याला दिसून चालत नाही. म्हणून आठ वर्षांपूर्वी, कंपनी एका खोलीत आणि तीन खुर्च्यांवर होती तेव्हा, थोरलीने युक्ती काढली की प्रत्येक पेशंटला गोदामाला स्वतःची एक खिडकी द्यायची. पुस्तकात तिला एलियास म्हणतात, ऑफिसात सगळे खिडकीच म्हणत. खिडकीवर पेशंटचा नंबर असतो. तिच्यातून डोकावलं की त्याच माणसाचे कागद दिसतात, बाकीचं गोदाम जणू नाहीच.

खिडक्यांची यादी एका मशीनकडे असायची. त्याचं नाव पडलं होतं मुकादम. मुकादम शिस्तीचा. एक नवी खिडकी निघाली की तो यादी सुधारणार, उरलेल्या तेहतीस जणांना कळवणार आणि सगळे "कळलं" म्हणेपर्यंत पुढचं काम हातात घेणार नाही. खिडक्या पाच हजार होत्या तोवर ही शिस्त शोभून दिसत होती. आता त्या नऊ लाख झाल्या होत्या. पूर्वी पापणी लवेस्तोवर निघणाऱ्या खिडकीला अकरा सेकंद लागायला लागले होते. नोंदणीच्या काउंटरवर पेशंट ताटकळत उभे राहायचे आणि काउंटरवरच्या बायका कंपनीच्या नावाने बोटं मोडायच्या. त्यातच नवी सात इस्पितळं जोडायची ठरली होती, म्हणजे एका सकाळी आणखी तीन लाख माणसं.

थोरलीचा या खिडक्यांवर जीव होता. पहिल्या वर्षी तिने लॅपटॉप घरी आणून सासूबाईंनाच दाखवलं होतं. सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत वीस वर्षं एक चिठ्ठी असायची. तरुणपणी कुठल्याशा इंजेक्शनाने त्यांचा घसा सुजला होता, श्वास बंद व्हायची वेळ आली होती. त्या इंजेक्शनाचं लांबलचक नाव त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही, म्हणून डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. थोरलीने सासूबाईंची खिडकी उघडली, "ॲलर्जी" एवढाच शब्द टाकला आणि ते नाव लाल अक्षरात पडद्यावर आलं. सासूबाई हरखून गेल्या. "आता चिठ्ठीची गरज नाही, आई," थोरली म्हणाली. सासूबाईंनी तिच्यासमोर चिठ्ठी फाडली आणि पुढे आल्यागेल्याला सांगत सुटल्या, माझं सगळं सुनेच्या मशीनमध्ये आहे म्हणून. धाकटी घरात आल्यावर "सुनांच्या" म्हणायला लागल्या, एवढाच फरक.

धाकटीचं म्हणणं सरळ होतं. ते तिने चार महिन्यांपूर्वीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मांडलं. "खिडक्या काढूनच टाकू. नऊ लाखांच्या जागी एकही नको. आपलाच प्रोग्राम दारात उभा करू, प्रत्येक प्रश्नाला तो पेशंटचा नंबर जोडून पाठवेल. मुकादमाला यादीच राहणार नाही."

"आणि तो दारातला पहारेकरी पेंगला तर?" थोरली म्हणाली.

"पेंगेल कसा?"

"कुणीतरी घाईत एक ओळ लिहायला विसरेल आणि पेंगेल. माझ्या पद्धतीत खिडकी नसली तर माणूस बाहेर राहतो. तुझ्या पद्धतीत पहारेकरी पेंगला तर सगळं गाव आत शिरतं. कुणाच्या घरचं कुणालाही दिसेल."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच धाकटीला जास्त झोंबलं. तिने दुसरं हत्यार काढलं. "बाहेर राहतो तो बघणारा. कागद ठेवणाऱ्याचं काय? इंजिनाची खोड विसरलात तुम्ही, मॅडम."

खोड अशी होती की एखादा कागद आला आणि त्यावरच्या नंबराची खिडकी सापडली नाही, तर इंजिन तो परत पाठवायचं नाही. ते त्या नंबराचं नवंकोरं गोदामच बांधायचं आणि कागद त्यात नेऊन ठेवायचं, आणि वर कुणाला सांगायचंही नाही. "ही खोड बंद करा," धाकटी म्हणाली. "एखादी खिडकी कधी चुकून पुसली गेली ना, तर त्या माणसाचे जुने कागद एकीकडे आणि नवा कागद भलत्या गोदामात. आणि विचारणाऱ्याला वाटेल, सगळं मिळालं."

थोरलीला ती खोड हवी होती, कारण नवं इस्पितळ जोडताना तिच्यामुळेच काम भराभर व्हायचं. तिने हसत पेनाचं टोपण लावलं. "खिडक्या चुकून पुसल्या जात नाहीत. इथे शाळेतल्या शंका काढत बसायला कुणाला वेळ नाहीये. पुढचा विषय."

वकील खाली बघून हसला. बाकीचे चौघं हसले नाहीत, त्याचंच धाकटीला जास्त लागलं. त्या दिवशी परतीच्या पन्नास मिनिटांत ती एक शब्द बोलली नाही, आणि थोरलीला वाटलं, बरं झालं, जिरली.

जिरली नव्हती, मुरली होती.

सात इस्पितळांचा सोमवार तोंडावर आला, तेव्हा शुक्रवारी थोरलीने मीटिंगमध्ये आपला उपाय सांगितला. नऊ लाखांतल्या साडेपाच लाख खिडक्या मेलेल्या होत्या, म्हणजे तो पेशंट दोन वर्षांत इस्पितळाकडे फिरकलाच नव्हता. मेलेल्या खिडक्या सोमवारी सकाळी आठला पुसायच्या. मुकादम हलका होईल, मग साडेनऊला नवी माणसं जोडायला घ्यायची. कुणी जुना पेशंट परत आलाच, तर नोंदणीचा काउंटर त्याची खिडकी नव्याने काढेल. कागद गोदामात जागच्या जागी असतातच.

"यादी काढून पुसायचं काम तू कर," थोरलीने धाकटीला फर्मावलं. मग टेबलाभोवती नजर फिरवली आणि शेवटी ती धाकटीवर ठेवली. "कुणाला काही शंका?"

शंका होती. धाकटीच्या जिभेवर होती. रक्त तपासणारी यंत्रं रिपोर्ट थेट इंजिनाकडे पाठवतात, काउंटरला विचारत नाहीत. ती वाट धाकटीनेच दोन वर्षांपूर्वी बांधली होती आणि थोरली ती साफ विसरली होती. जुन्या पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट काउंटरच्या आधी पोचला, तर खिडकी नाही, मग खोड, मग नवं गोदाम. एक नाही, हजारो. एकेक गोदाम म्हणजे मुकादमाच्या पाठीवर शंभर खिडक्यांचं ओझं. सांगायला तीन वाक्यं पुरली असती.

पण थोरलीच्या चेहऱ्यावर ते टोपण लावतानाचं हसू होतं. धाकटीला वाटलं, पडू दे हिला. एकदा सगळ्यांसमोर तोंडावर पडू दे, म्हणजे कळेल शाळेतली शंका कशाला म्हणतात. कागद काही हरवणार नाहीत, भलत्या गोदामात पडतील, संध्याकाळपर्यंत उचलून परत ठेवता येतील. दोन तास गोंधळ, एक दिवस शरम. एवढंच.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "काही शंका नाही."

आणि तिने साडेपाच लाख नंबरांची यादी चोख काढून ठेवली.

सोमवारी दोघी साडेसहालाच निघाल्या. सासूबाई स्वयंपाकघरात पोटाशी हात धरून उभ्या होत्या. "काही नाही गं, रात्रीचं बाधलं असेल," त्या म्हणाल्या. धाकटीच्या नवऱ्याला घरून काम होतं, तो बघेल म्हणून दोघी बाहेर पडल्या. गाडीत भांडण झालं ते एसीवरून.

आठला धाकटीने बटण दाबलं. वीस मिनिटांत साडेपाच लाख खिडक्या गेल्या. मुकादम खरोखरच हलका झाला, नवी खिडकी अर्ध्या सेकंदात निघायला लागली. थोरलीने खुर्ची मागे रेटली आणि खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं. उगीच बाऊ करतात लोक."

नऊला वकिलाने मान वर केली. "मॅडम, ही नवी गोदामं कुठून आली? चाळीस दिसतायत."

"इस्पितळं जोडायची तयारी असेल."

"ती साडेनऊला ना?"

सव्वानऊला गोदामं नऊशे झाली होती. सकाळची वेळ, पंधरा इस्पितळांत उपाशीपोटी रांगेत बसलेल्यांचं रक्त काढून झालेलं, आणि यंत्रं एकामागून एक रिपोर्ट सोडत होती. साडेनऊला तीन हजार. मुकादम धापा टाकायला लागला. वकील ओरडत होता, दोन-तीन जण पळापळ करत होते आणि थोरली उभी राहून पडद्यावरचे नंबर वाचत होती. तिच्या ब्लाउजच्या पाठीवर घामाचा डाग पसरला होता. "हे नंबर पेशंटांचे आहेत," ती म्हणाली. "पेशंटांच्या नावाची गोदामं कोण बांधतंय?"

धाकटीने चहाचा घोट घेतला. तिला फार बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यात इतकं बरं तिला क्वचितच वाटलं होतं. आणखी पाच मिनिटं थांबायचं, मग उठायचं आणि शांतपणे सांगायचं, मॅडम, चार महिन्यांपूर्वी मी एक शंका काढली होती. वाक्य तयार होतं, "शाळेतली" हा शब्द कुठे घालायचा तेवढंच ठरायचं होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"आईला दाखल केलंय," तो म्हणाला. "घाबरू नकोस. पित्ताशयाला सूज आहे, ताप चढलाय. आल्या आल्या पलंगावरच रक्त घेतलं, काउंटरचं मी नंतर केलं. आता इंजेक्शन सुरू करतायत. मला एक विचारायचं होतं, आईला कसलंतरी इंजेक्शन चालत नाही ना? डॉक्टरांनी विचारलं तर ती म्हणाली, माझ्या सुनांच्या मशीनमध्ये बघा, तिथे सगळं आहे. त्यांनी बघितलं. काहीच नाहीये म्हणाले."

धाकटीने कप बाजूला सारला. तिने सासूबाईंचा नंबर टाकला. साडेपाच लाखांच्या यादीत तोही होता. शेवटची खेप सव्वादोन वर्षांपूर्वीची. यादी नंबरांची होती, त्यात माणसं दिसत नाहीत, आणि तिने बघितलीही नव्हती. पडद्यावर एकच कागद आला. आज सकाळचा, रक्ताचा. रिपोर्ट आधी पोचला होता, इंजिनाने सासूबाईंच्या नंबराचं गोदाम बांधलं होतं. मग काउंटर खिडकी काढायला गेला, तेव्हा हा नंबर आधीच आहे असं त्याला कळलं आणि खिडकी आहेच म्हणून तो गप्प बसला. कुठे लाल खूण नाही, कुठे चूक झाली म्हणून ओळ नाही. विचारणाऱ्याला वाटावं, सगळं मिळालं.

"थांबव!" ती किंचाळली. "इंजेक्शन थांबव, आधी आत जा!"

"अगं, लावलं पण. आत्ताच—"

"आत जा, पळ!"

फोन चालूच राहिला. तिला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला, दार ढकलल्याचा आवाज, मग एका नर्सचा चढलेला स्वर, मग बरेच पाय, आणि मग कुणीतरी ओढून ओढून घेतलेला श्वास. तो श्वास कुणाचा हे तिला ओळखू आलं. मग फोन बंद पडला.

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. थोरली तिच्या खुर्चीमागे येऊन उभी होती आणि पडद्यावरचा तो एकच कागद वाचत होती. नंबर तिला पाठ होता, तिनेच दिलेला होता. गोदामाच्या इतिहासातली ती पहिली खिडकी.

"खोड बंद कर," थोरली वकिलाला म्हणाली. "नवी इस्पितळं थांबव. पुसलेल्या खिडक्यांची यादी हिच्याकडे आहे. सगळ्या इस्पितळांना फोन लावा, आज सकाळचं मशीन कुणी खरं धरू नका म्हणावं." मग गाडीची किल्ली उचलली. "चल."

पहिले दोन सिग्नल मागे पडले. काचा नेहमीसारख्या बंद होत्या. तिसऱ्या सिग्नलला थोरलीने समोर बघत विचारलं, "रक्ताच्या यंत्रांची वाट कुणी बांधली होती?"

"मी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"शुक्रवारी मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुझ्याकडे बघून विचारलं होतं."

"हो. आणि मी नाही म्हणाले."

"का?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं, विसरले म्हणता आलं असतं. पण त्या गाडीत सहा वर्षांत दोघी एकमेकींशी बरंच वाईट बोलल्या होत्या, खोटं मात्र बोलल्या नव्हत्या. "तुम्हाला पडलेलं बघायचं होतं, ताई. सगळ्यांसमोर. मी चहा पीत बघत होते."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता. थोरलीने गाडी काढली आणि पुढचा चौक ओलांडला. मग म्हणाली, "चार महिन्यांपूर्वी तू ती खोड बंद करा म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं की तू बरोबर बोलतेयस. त्याच दुपारी मी बसून तपासलं. दहा मिनिटांचं काम होतं."

"मग?"

"तू सांगितलंस म्हणून केलं नाही."

धाकटीने तिच्याकडे वळून बघितलं. थोरलीच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. धाकटीला तिची दया आली नाही. उलट राग आला, कारण आता सगळा दोष एकटीने घ्यायचीही सोय राहिली नव्हती आणि एकटीवर टाकायचीही.

"मी कंपनीच्या साहेबांना लिहून देणार आहे, मला माहीत होतं म्हणून," ती म्हणाली.

"दे. मग मलाही लिहावं लागेल. मोठी शहाणी! स्वतःचं मन हलकं करायची घाई आणि फास माझ्या गळ्यात."

"तुमच्या गळ्यात? गळा आईंचा सुजलाय, ताई!"

इस्पितळाचं फाटक येईपर्यंत त्या भांडत होत्या. सासूबाई मरतायत की जगतायत हे माहीत नसताना, गाडी उभी करायला जागा शोधताना, जिने चढताना त्या भांडत होत्या. अतिदक्षता विभागाच्या दाराशी धाकटीचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याने बोट ओठांवर ठेवलं तेव्हा कुठे त्या थांबल्या.

सासूबाई वाचल्या. त्यात मशीनचा वाटा नव्हता. नवऱ्याचा आरडाओरडा ऐकून आलेल्या नर्सने सुई उपसून काढली आणि उताऱ्याचं औषध वेळेवर दिलं गेलं, म्हणून वाचल्या. तीन दिवस घशात नळी होती. चौथ्या दिवशी नळी निघाली आणि आवाज घोगरा का होईना पण परत आला, तेव्हा त्यांनी दोघी सुनांना बोलावून घेतलं. मुलग्यांना बाहेर थांबा म्हणाल्या.

थोरली पलंगाच्या डावीकडे उभी राहिली, धाकटी उजवीकडे. मध्ये सासूबाई, मनगटावर टेप, हातावर सुजेची चमक. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

"डॉक्टर म्हणाले, मशीनमध्ये काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना म्हटलं, असं व्हायचंच नाही, तुम्ही नीट बघा. दोनदा बघायला लावलं मी त्यांना. माझ्या सुनांचं मशीन आहे म्हटलं."

"आई, मशीनमध्ये बिघाड झाला होता," थोरली म्हणाली.

सासूबाईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीने पलंगाची कड धरली. घरात ऑफिसचं आणायचं नाही हा नियम होता, पण हे घर नव्हतं. "बिघाड नव्हता, आई. असं होणार हे मला माहीत होतं. मला विचारलं होतं, मी सांगितलं नाही. ताईंची फजिती व्हावी म्हणून."

थोरलीने श्वास आत घेतला. "आणि मला तिने आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ती बोलली म्हणून."

सासूबाईंनी छताकडे बघितलं. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. धाकटीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्या चष्म्याची डबी कुठाय?" त्यांनी विचारलं.

थोरलीने उशाजवळच्या खणातून डबी काढून दिली.

"कागद घे," सासूबाई धाकटीला म्हणाल्या. "माझ्या हाताला सुया आहेत, तू लिही. चिठ्ठी डबीत मावायला हवी. वर त्या इंजेक्शनाचं नाव. मोठ्या अक्षरात."

धाकटीने नर्सच्या टेबलावरून कोरा कागद आणला, चौकोन फाडला आणि नाव लिहिलं. ते तिला आता पाठ होतं.

"खाली लिही, हे मला चालत नाही, घसा सुजतो."

तिने लिहिलं.

"खाली लिही, मशीन काहीही म्हणो."

तिने लिहिलं.

"आणि त्याच्याखाली लिही, सुनांना विचारू नये."

धाकटीचं पेन थांबलं. थोरली म्हणाली, "आई..."

"लिही."

तिने लिहिलं. पहिल्या तीन ओळींसारखंच नीट, सुट्या अक्षरांत. सासूबाईंनी हात पुढे केला, कागद घेतला, पण वाचला नाही. तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला थोरलीकडे दिला.

"तू वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. तिनं काही गाळलंय का बघ."

थोरलीने चारही ओळी मोठ्याने वाचल्या. चौथीसुद्धा पूर्ण.

"गाळलेलं नाही," ती म्हणाली.

"मग ठेव डबीत," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.